अहवालातले होमोसिस्टीन : हृदय, रक्तदाब आणि आपले बी१२

दुर्वांकुर

हल्ली ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन ही चाचणी सर्रास असते, आणि तिचा आकडा ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणाऱ्या बाणासह छापून आला की घरात धास्ती शिरते. गेल्या महिनाभरात ओळखीच्या चार जणांनी मला याविषयी विचारले, म्हणून हा धागा काढते आहे. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काम करून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही. त्यामुळे येथे लिहिलेले माहिती म्हणून वाचावे आणि औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा, ही विनंती.

होमोसिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९३२ साली मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर गंधकाम्लाची प्रक्रिया करताना ते प्रथम वेगळे केले. हे अन्नातून थेट पोटात जात नाही, शरीरातच तयार होते. डाळी, दूध, अंडी, मासे, मटण यांतील प्रथिनांतून आपल्याला मेथिओनिन मिळते; पेशी त्यातला मिथाइल गट काढून घेऊन असंख्य कामांना लावतात, आणि मागे जे उरते ते होमोसिस्टीन. या उरलेल्याची शरीर दोन प्रकारे विल्हेवाट लावते. एक तर त्याला पुन्हा मिथाइल गट जोडून त्याचे मेथिओनिन केले जाते, आणि त्यासाठी फोलेट व बी१२ लागते. नाहीतर त्याचे सिस्टीन केले जाते, आणि त्यासाठी बी६ लागते. यांपैकी एखादे जीवनसत्त्व कमी पडले, मूत्रपिंडांचे काम मंदावले किंवा थायरॉइड सुस्तावली, की होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. उपाशीपोटी ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर ही सर्वसाधारण पातळी मानतात. १५ ते ३० सौम्य वाढ, ३० ते १०० मध्यम, आणि १०० च्या पुढे तीव्र.

हृदयाशी त्याचा संबंध कसा जोडला गेला, ती हकिगत मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. होमोसिस्टिन्युरिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पातळी शंभराच्या कितीतरी पुढे जाते, डोळ्यांतले भिंग जागचे सरकते, आणि उपचार न झाल्यास तिशीच्या आत जवळजवळ निम्म्या रुग्णांना रक्ताच्या गुठळीचा, पक्षाघाताचा किंवा तशाच एखाद्या रक्तवाहिनीच्या विकाराचा तडाखा बसतो. बोस्टनमधील विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांच्यासमोर या आजाराने दगावलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाचे जुने प्रकरण होते. १९३३ साली गेलेल्या त्या मुलाच्या धमन्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झालेल्या होत्या. पुढे त्यांना दोन महिन्यांच्या एका अर्भकाच्या धमन्या तशाच दिसल्या, परंतु त्या अर्भकातला जन्मजात दोष निराळा होता, बी१२ च्या वापराशी संबंधित. पहिल्या दोषात मेथिओनिन वाढते, दुसऱ्यात ते कमी होते. दोघांत समान असे एकच होते, ते म्हणजे वाढलेले होमोसिस्टीन. त्यावरून मॅककली यांनी १९६९ साली असे मांडले की धमन्यांची हानी होमोसिस्टीनच करते, आणि ते थोडेसे वाढले तरी सामान्य माणसाच्या धमन्यांवर त्याचा परिणाम होत असावा. सगळे जग कोलेस्टेरॉलमागे लागलेले असताना हे ऐकून घेण्याची कोणाचीही तयारी नव्हती, आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना हार्वर्डमधील आपले पद सोडावे लागले.

पुढे जे प्रयोग झाले त्यांतून यंत्रणा बरीचशी उलगडली. धमनीच्या आत पेशींचा एकपदरी गिलावा असतो. या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि त्यामुळे धमनी सैलावते. होमोसिस्टीन वाढले की हा वायू कमी उपलब्ध होतो. निरोगी माणसाला मेथिओनिनचा मोठा डोस पाजून काही तासांनी त्याच्या दंडावरची धमनी मोजली, तर ती नेहमीइतकी फुलत नाही, हे अनेकदा दाखवून झाले आहे. त्याखेरीज भिंतीतील स्नायुपेशी वाढतात, लवचीक तंतू झिजतात, आणि रक्त गोठवणारे घटक अधिक जोमाने काम करू लागतात. न सैलावणारी, ताठर धमनी म्हणजे वाढलेला रक्तदाब, हे ओघानेच आले, असे कोणालाही वाटेल.

आता आपल्याकडचे पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर होते. सर्वांत वाईट अवस्था शहरी मध्यमवर्गाची होती. तेथे हेच आकडे ८१ आणि ७९ टक्के निघाले. म्हणजे ज्या वर्गातले लोक पैसे मोजून ही पॅकेजे घेतात, त्या वर्गात हा बाण वर गेलेला दिसणे हाच जणू रिवाज आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: आपल्याकडे हा आकडा बहुतेक वेळा हृदयाविषयी फार थोडे आणि बी१२ विषयी फार मोठे सांगत असतो.

कोकणकडा

ताई, लेख वेळेवर आला. माझे वय ५२, घर माळकरी, त्यामुळे अंडेसुद्धा कधी चाखलेले नाही. मागच्या आठवड्यात तपासणी केली. होमोसिस्टीन ३४.८, बी१२ १३२ पिकोग्रॅम, कोलेस्टेरॉल ठीक, आणि दाब १५२/९६. तो आठवडाभर घरी मोजला तरी तेवढाच भरला. डॉक्टरांनी दाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि बी१२ ची इंजेक्शने लिहून दिली आहेत. माझ्या मेहुण्यांचे म्हणणे असे की दाब होमोसिस्टीनमुळेच चढला आहे, तेव्हा इंजेक्शने घ्यावीत, ते खाली आणावे, दाब आपोआप उतरेल, आणि जन्मभराची गोळी कशाला सुरू करायची? हे कितपत खरे मानावे?

दुर्वांकुर

मेहुण्यांचा तर्क ऐकायला सरळ आहे, पण मोजमापे त्याला साथ देत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील हजारो लोकांच्या नोंदींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन ५ मायक्रोमोलने अधिक असलेल्या पुरुषांत वरचा दाब सरासरी ०.७ आणि स्त्रियांत १.२ मिलिमीटर अधिक आढळला. संबंध आहे, पण तो इतकाच. शिवाय अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम येथील प्रसिद्ध अभ्यासात ज्यांचा दाब सुरुवातीला चांगला होता अशा लोकांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा वय, वजन, धूम्रपान वगैरे हिशेबात धरल्यावर होमोसिस्टीनवरून पुढचा उच्च रक्तदाब वर्तवता आला नाही. दोन्ही एकत्र दिसतात याचे एक कारण मूत्रपिंडे असावीत, कारण ती थकली की दाबही चढतो आणि होमोसिस्टीनही साचते. तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहिले नसेल तर अवश्य पाहावे.

तुमचा वरचा दाब १२० वर यायला हवा असेल, तर ३२ मिलिमीटरपैकी होमोसिस्टीनच्या खात्यावर फार तर दोन-चार टाकता येतील. लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांचा वाटा त्याहून मोठा असू शकतो. गोळी टाळण्यासाठी इंजेक्शनची वाट पाहू नये.

आणखी एक विचारते. आपले रक्त कोणी, कोठे काढले आणि ते किती वेळाने प्रयोगशाळेत पोहोचले? हा प्रश्न अहवाल पाहताना कोणीही विचारत नाही, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी सांगते. नळीतले रक्त म्हणजे जिवंत पेशी असतात. तांबड्या पेशी नळीतही होमोसिस्टीन बनवून बाहेर सोडत राहतात, आणि साध्या तापमानाला आकडा दर तासाला साधारण दहा टक्क्यांनी फुगतो. म्हणून जांभळ्या झाकणाची नळी भरली की ती लगेच बर्फात ठेवायची आणि तासाभरात यंत्रात फिरवून प्लाझ्मा (पेशींविना रक्तद्रव) वेगळा करायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एप्रिल महिन्यात तालुक्याच्या गावाहून एसटीच्या पार्सलने थर्मोकोलची पेटी यायची. झाकण उघडले की बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी हिंदकळत असायचे आणि नळ्या त्यात आडव्या पडलेल्या असायच्या. माझ्याच दिरांचा आकडा अशा एका पेटीतून २९ आला होता. ते पुण्याला आले तेव्हा मी स्वतः रक्त काढले, नळी बर्फात ठेवली आणि वीस मिनिटांत फिरवली. आकडा आला १७. मधल्या काळात त्यांनी एकही गोळी घेतलेली नव्हती.

कोकणकडा

मुलगा मोटारसायकलवरून घरी आला होता, सकाळी सात वाजता. पिशवी पाठीला होती, बर्फ मला तरी दिसला नाही. माझ्यानंतर त्याला आणखी पाच घरे करायची होती, असे तो म्हणाला.

दुर्वांकुर

मग ३४.८ मधला काही भाग त्या मोटारसायकलचा असण्याची शक्यता आहे. तरीही तुमचे बी१२ १३२ आहे, तेव्हा खरा आकडाही १५ च्या वर असेल असेच मी धरून चालेन, आणि उपचारात त्याने फरक पडत नाही. पुढची चाचणी मात्र प्रयोगशाळेत जाऊन द्यावी.

तर्कट

सविस्तर माहितीबद्दल आभार, परंतु मूळ प्रश्न बाजूलाच राहतो आहे, असे मला वाटते. होमोसिस्टीन खाली आणल्याने हृदयविकार कमी होतो का, याच्या रुग्णांवर मोठमोठ्या औषध-चाचण्या (क्लिनिकल ट्रायल) झाल्या आणि त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आले, अशी माझी समजूत आहे. तसे असेल तर ही चाचणी पॅकेजमध्ये घालणे म्हणजे शुद्ध धंदा आहे, आणि आपण या धाग्यावर त्या धंद्याला शास्त्राचे वस्त्र नेसवत आहोत.

वैद्यकीय_वाटसरू

‘तर्कट’ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि अर्ध्याहून अधिक बरोबरही आहे. मी मराठवाड्यात औषधवैद्यकाचा व्यवसाय करतो, त्यामुळे या प्रश्नाशी रोजचा संबंध येतो.

२००२ साली जगभरच्या निरीक्षणांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन २५ टक्क्यांनी कमी असलेल्यांत हृदयरोगाचा धोका ११ टक्के आणि पक्षाघाताचा १९ टक्के कमी आढळला. हे काही वर्षांपूर्वीच्या अपेक्षांपेक्षा फार थोडे होते, तरी स्वस्तातल्या जीवनसत्त्वांनी एवढे साधले तर सोन्याहून पिवळे, असे सर्वांना वाटले. मग चाचण्यांचे निकाल आले. २००६ साली ‘होप-२’ मध्ये ५,५२२ लोकांना सरासरी पाच वर्षे फॉलिक अॅसिड (गोळीतले फोलेट), बी६ आणि बी१२ दिले. होमोसिस्टीन खाली आले, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मात्र होते तितकेच राहिले. पक्षाघात तेवढे सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्याच वर्षी नॉर्वेत झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांवरील चाचणीत फायदा दिसला नाहीच, उलट तिन्ही जीवनसत्त्वे एकत्र घेणाऱ्या गटाचा कल वाईटाकडे झुकलेला दिसला. २०१० साली ब्रिटनमधील १२,०६४ रुग्णांच्या चाचणीनेही हेच सांगितले. जनुकांचा पुरावाही त्याच बाजूचा आहे. काही लोकांत एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील बदलामुळे होमोसिस्टीन जन्मापासूनच थोडे अधिक असते. ते खरोखर हृदयाचे वैरी असेल तर या लोकांना झटके अधिक यायला हवेत, पण मोठ्या एकत्रित अभ्यासात तसे दिसले नाही.

तेव्हा हृदयधमन्यांपुरते बोलायचे तर सौम्य वाढ ही बहुधा गुन्हेगार नसून गुन्ह्याच्या जागी वारंवार दिसणारी व्यक्ती आहे.

मेंदूचे मात्र वेगळे दिसते, आणि येथे रक्तदाबाचा संबंध खरोखर येतो. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांची चाचणी झाली. तिचे निकाल २०१५ साली आले. पक्षाघात किंवा झटका आधी येऊन गेलेला कोणीही त्यात नव्हता. एका गटाला १० मिलिग्रॅम एनालाप्रिल हे दाबाचे औषध, दुसऱ्याला तेवढेच एनालाप्रिल आणि सोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड. साडेचार वर्षांत पहिल्या गटात ३.४ टक्के लोकांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात २.७ टक्के. म्हणजे हजारामागे सात जण वाचले. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही गटांचा दाब सारखाच उतरला होता. फॉलिक अॅसिडने जो काही फायदा केला तो दाब कमी करून केला नाही; वाढलेल्या दाबाने आधीच त्रासलेल्या धमन्यांवर होमोसिस्टीनचा जो जादा भार पडतो, तो हलका करून केला असावा. चिनी डॉक्टर उच्च रक्तदाब आणि १० च्या वरचे होमोसिस्टीन या जोडीला स्वतंत्र नाव देतात, ते याच विचाराने. चीनमध्ये पिठात फॉलिक अॅसिड मिसळत नाहीत, अमेरिकेत १९९८ पासून ते सक्तीचे आहे. त्यामुळे अमेरिकेतील चाचण्यांत जे दिसले नाही ते चीनमध्ये दिसले, हे स्पष्टीकरण मला पटते.

आता एक सावधगिरी. वरील चाचण्यांत सहभागी झालेल्या बहुतेकांची सुरुवातीची सरासरी पातळी १२ ते १४ होती. कोकणकडा यांच्यासारखे, बी१२ तळाला गेलेले आणि पातळी तिशीत असलेले लोक त्यांत जवळपास नव्हतेच. त्यामुळे ‘उपयोग नाही’ हे उत्तर त्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. आणि त्यांना बी१२ द्यायचे ते मुळात हृदयासाठी नव्हेच. मज्जातंतू, रक्त आणि स्मरणशक्ती यांच्यासाठी ते द्यावेच लागते.

धंद्याविषयी: निरोगी माणसाची ही चाचणी सरसकट करावी, असे मीही म्हणणार नाही. तरुण वयात पक्षाघात झाला, विनाकारण शिरेत गुठळी झाली किंवा बी१२ चा अहवाल संशयास्पद सीमेवर आला, तर ती मी करून घेतो.

तर्कट

उत्तर पटले. ‘शुद्ध धंदा’ हे शब्द मागे घेतो. ‘अशुद्ध धंदा’ एवढे ठेवतो.

लागन_काठ

मी गेली अकरा वर्षे बेलफास्टमध्ये राहतो, आणि या विषयाचे या गावाशी जुने नाते आहे, म्हणून लिहितो. होमोसिस्टिन्युरियाचे पहिले रुग्ण १९६२ साली येथेच सापडले. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या लघवीची तपासणी चालू असताना दोन बहिणींच्या नमुन्यांत हे द्रव्य आढळले होते.

दुसरे नाते रक्तदाबाचे आहे. येथील अल्स्टर विद्यापीठाच्या कोलरेन येथील गटाने त्याच जनुकातील बदलावर काम केले आहे, ज्याचा उल्लेख डॉक्टरांनी वर केला. दोन्ही पालकांकडून हा बदल आलेल्या लोकांत ते विकर अशक्त असते, कारण बी२ पासून बनणारा त्याचा मदतनीस त्याला नीट चिकटून राहत नाही. अशा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना, त्यांची नेहमीची औषधे चालू ठेवून, रोज १.६ मिलिग्रॅम बी२ सोळा आठवडे दिले, तेव्हा वरचा दाब सरासरी ५.६ मिलिमीटरने उतरला. एवढ्याशा मात्रेने, जी जवळजवळ आहारातलीच म्हणावी, हे घडणे मला विलक्षण वाटते. ज्यांच्यात हा बदल नाही त्यांना असा फायदा होत नाही.

वैद्यकीय_वाटसरू

हे काम उत्तम आहे. परंतु त्या गटाच्याच निष्कर्षानुसार दाबावरील परिणाम हा होमोसिस्टीन उतरल्यामुळे झालेला दिसत नाही, त्या विकराशी निगडित दुसऱ्या एखाद्या वाटेने झालेला असावा. शिवाय भारतीयांत हा दुहेरी बदल युरोपीय लोकांपेक्षा बराच विरळ आहे. त्यामुळे येथे उगीच जनुकचाचणीमागे धावू नये.

आंबील

घरी सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. होमोसिस्टीन २४. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षे चालू आहे आणि पित्ताची गोळी तर रोज सकाळी चहाच्या आधी ठरलेली. त्यांना गोळ्यांची संख्या वाढवायची नाही. रोजचे ताक, आंबील, इडली, मोड आलेली कडधान्ये यांतून बी१२ मिळते, असे त्या ठामपणे सांगतात. रेशनच्या तांदळातही म्हणे आता ते घातलेले असते. आहारावर भागवता येईल का?

दुर्वांकुर

आंबील, तुम्ही स्वतःच दोन कारणे लिहिली आहेत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी१२ चे शोषण घटते, आणि पित्ताच्या गोळीने जठरातले आम्ल कमी झाले की अन्नाला चिकटलेले बी१२ सुटे होत नाही. त्यातच वयाची भर. म्हणजे सासूबाईंच्या ताटात बी१२ असले तरी ते पुरेसे आत जाईल याची खात्री नाही. गोळीतले बी१२ सुटे असते, त्यामुळे ते तुलनेने सहज शोषले जाते. पित्ताची गोळी खरोखर रोज लागते का, हेही एकदा डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे ती एकदा सुरू झाली की घरातल्या माणसासारखी राहते.

आता पदार्थांविषयी. बी१२ जिवाणू बनवतात आणि ते प्राण्यांच्या शरीरातून आपल्याकडे येते. इडलीच्या पिठात किंवा नाचणीच्या आंबिलात ते भरवसा ठेवण्याइतके तयार होत नाही. मोड आलेल्या कडधान्यांत फोलेट भरपूर असते, बी१२ नसते. स्पिरुलिनाच्या डब्यावर बी१२ लिहिलेले असते, पण ते बहुतांशी त्याचे नकली भावंड असते, शरीराच्या उपयोगाचे नव्हे. दुधात मात्र खरे असते, शंभर मिलिलिटरमध्ये साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास धरली, तर अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचे दही लागते. पुण्यातच शाकाहारी तरुणांना दोन आठवडे रोज दूध देऊन त्यांचे बी१२ वाढते, हे दाखवलेले आहे. परंतु ताकाच्या पेल्यात दही किती आणि पाणी किती, हे आपल्या घरी आपणच पाहावे. मासे खाणाऱ्या घरांत हा प्रश्न फारसा येत नाही. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) एका वाडग्यात कित्येक दिवसांचे बी१२ असते.

रेशनच्या तांदळाचे तुम्ही म्हणता ते खरे आहे. गेल्या काही वर्षांत त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी१२ घातलेले दाणे मिसळण्यात आले. हे दाणे जरा वेगळे दिसतात म्हणून पुष्कळ बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून ते निवडून फेकून देतात. फेकू नयेत. पण मानकाप्रमाणे एक किलो तांदळात बी१२ चे प्रमाण ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम असते. एक माणूस दिवसाला किलोभर तांदूळ खात नाही, तेव्हा त्यावर सासूबाईंचे भागणार नाही.

वैद्यकीय_वाटसरू

एक गोष्ट येथे जोडणे आवश्यक आहे. होमोसिस्टीन उतरवायचे म्हणून दुकानातून फॉलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी आणून स्वतःच सुरू करणारे लोक मी पाहतो. ती स्वस्त असते आणि आकडाही थोडा उतरतो. परंतु बी१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेतले तर रक्तातला दोष झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी गुपचूप चालू राहते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. वर्षभर नेमाने ती गोळी घेत होते, हिमोग्लोबिन छान होते, आणि पायांतली चप्पल कधी निसटते ते त्यांना कळत नव्हते. अंधारात चालताना भिंतीला हात लावावा लागत असे. आपल्याकडे फोलेटची कमतरता तुलनेने थोडी आणि बी१२ ची भरमसाट आहे, त्यामुळे आधी बी१२, मग गरज असल्यास फॉलिक अॅसिड.

बी६ च्या मोठ्या मात्राही दीर्घकाळ घेऊ नयेत, त्यांनीच हातापायांना मुंग्या येतात. आणि मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी तर फॉलिक अॅसिड, बी६ आणि बी१२ या त्रिकुटापासून विशेष जपून राहावे. कॅनडात मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या २३८ रुग्णांना तिन्ही जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले, तेव्हा होमोसिस्टीन उतरले, पण मूत्रपिंडांची कार्यक्षमता अधिक वेगाने घटली आणि झटके व पक्षाघातही वाढले. त्या चाचणीचे निकाल २०१० साली आले. आंबील, आपल्या सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्यांचे क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने पाहिल्याशिवाय बाजारातली कोणतीही ‘होमोसिस्टीनची गोळी’ सुरू करू नये. साधे बी१२ द्यायला सहसा अडचण येत नाही, पण मात्रा आणि प्रकार त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावा.

आंबील

धन्यवाद. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. तांदळातले दाणे त्याच निवडून फेकत होत्या, असे आत्ता कळले.

कोकणकडा

तीन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, क्षमस्व. बी१२ ची इंजेक्शने झाली, आता गोळी चालू आहे. अॅम्लोडिपिन मेहुण्यांना न सांगता पहिल्या दिवसापासून घेतली. या वेळी प्रयोगशाळेत स्वतः गेलो आणि नळी बर्फात ठेवता का, असे विचारले. तेथील बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढली. होमोसिस्टीन १३.१, बी१२ ५१०, क्रिएटिनिन ०.९. तळपायांची आग व्हायची ती गेली. ती होते आहे हे मी वयावर ढकलून मोकळा झालो होतो. दाब आता १२८/८२ असतो.

मेहुणे आकडे पाहून म्हणाले, बघा, होमोसिस्टीन उतरले आणि दाबही उतरला. मागच्या महिन्यात पंढरपूरला गेलो तेव्हा गोळ्यांची पट्टी घरी विसरली आणि सहा दिवस अॅम्लोडिपिन चुकली. बी१२ ची डबी मात्र पिशवीत होती, ती रोज घेतली. परत येऊन मोजले तर १४८/९४. हे त्यांना सांगितले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

दुर्वांकुर

गोळी पुन्हा सुरू केलीत ना? आणि पुढच्या प्रवासात दोन्ही औषधे एकाच डबीत ठेवा.

कोकणकडा

त्याच दिवशी सुरू केली. डबी एकच केली आहे, माळेच्या पिशवीत ठेवली आहे, ती विसरत नाही.